डाव्या पुडीची कणीक

गेल्या भाऊबीजेला मी बहिणीकडे हिंगोलीला गेलो, तेव्हा माझ्या भाच्याने त्या वर्षीच्या हळदीच्या पैशातून घरात होम थिएटर आणले होते. वसमतच्या बाजारात भाव बरा लागला होता, आणि पैसा हाती आला की आधी घराला रंग द्यायचा की आधी आवाज आणायचा, या प्रश्नाचा निकाल तरुण माणूस कसा लावील हे सांगायला नको. दिवाणखान्यात समोर कमरेएवढ्या उंचीचे दोन ध्वनिवर्धक, मधे एक आडवा, मागच्या भिंतीवर दोन लहान आणि कोपऱ्यात लोखंडी ट्रंकेएवढा एक काळा चौकोनी डबा. हा डबा म्हणजे सबवूफर. बाकीच्यांनी सगळे बोलायचे, गायचे; याने फक्त तळाचा आवाज काढायचा. सेकंदाला वीसपासून ऐंशी-शंभरपर्यंत कंपने, एवढाच याचा मुलूख.

चित्रपट लागला. विमान उडाले तेव्हा स्वयंपाकघरातल्या मांडणीवरची स्टीलची ताटे वाजली. मुले खूश झाली. बहिणीचे सासरे, ज्यांना सारे घर तात्या म्हणते, ते मात्र पाच-दहा मिनिटांनी उठले आणि ओसरीत जाऊन बसले. मी पाठोपाठ गेलो. तात्यांनी उभ्या आयुष्यात नर्सीच्या आसपासच्या पंचवीस-तीस गावांत भजनाला पखवाजाची साथ केलेली. आता वय ऐंशीच्या घरात. म्हटले, "का हो, आवडले नाही का?" ते म्हणाले, "मास्तर, हितं बसून ऐका. भायेर नुसतं धम्म-धम्म येऊ लालंय. माणूस काय बोलू लालाय ते आतच राहू लालंय."

मी ऐकले. खरेच तसे होते. भिंत आणि बंद दार ओलांडून बाहेर येत होता तो फक्त त्या काळ्या डब्याचा आवाज. संवादांचा, गाण्याचा मागमूस नाही. तात्यांनी ही तक्रार म्हणून सांगितली. पण ध्वनीच्या शास्त्राचे अर्धे पुस्तक त्या एका वाक्यात आहे हे माझ्या ध्यानात यायला दोन दिवस लागले. माझे भौतिकशास्त्र मॅट्रिकच्या बाकावर संपले. पुढे कादंबऱ्या लिहिल्या, त्यांत ध्वनिशास्त्राचा उपयोग नव्हता. पण दुसऱ्या दिवशी आम्ही सारे औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला गेलो आणि तेथे हे वाक्य पुन्हा आठवले.

औंढ्याची कथा मराठी माणसाला सांगावी लागत नाही. नामदेवांचे कीर्तन देवळापुढे रंगले, पुजाऱ्यांनी या शिंप्याला तेथून उठवले, नामदेव देवळामागे जाऊन गाऊ लागले, आणि देवळाने आपले तोंड फिरवले. नंदीची जागा दाखवून लोक आजही त्याचा पुरावा देतात. महिपतीने 1762 साली पुऱ्या केलेल्या 'भक्तविजया'त ही कथा आहे; पण ती त्याहून पुष्कळ जुनी आहे, कारण 1604 मध्ये सिद्ध झालेल्या शिखांच्या आदिग्रंथात नामदेवांच्या नावावर जी 61 पदे आहेत, त्यांतही देऊळ फिरल्याचा उल्लेख येतो. नर्सी आणि औंढा ही दोन्ही ठिकाणे आज हिंगोली जिल्ह्यात येतात. 1 मे 1999 रोजी परभणीतून हा जिल्हा वेगळा झाला, तेव्हा नकाशा काढणाऱ्यांनी नामदेवांचे जन्मगाव आणि त्यांचे गुरू विसोबा खेचर यांचे ठिकाण एकाच रेघेत घेतले, एवढे पुण्य सरकारच्या पदरी टाकायला हरकत नाही.

चमत्काराविषयी मला वाद घालायचा नाही. मी देवळामागे उभा राहिलो आणि एवढाच विचार केला की त्या दिवशी पुढच्या बाजूला उभ्या असलेल्या माणसाला काय ऐकू आले असेल? मधे दगडी देऊळ. नामदेवांचे शब्द? त्यांतले थोडेच. झांजांचा, टाळांचा खणखणाट? तोही पातळ होऊन. पण मृदंगाच्या डाव्या पुडीचा घुमारा कोपऱ्याला वळसा घालून पुढे आला असेल. याचे कारण साधे आहे. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. टाळाचा तीन हजार कंपनांचा आवाज घेतला तर त्याची एक लाट अवघी अकरा सेंटिमीटरांची, वीतभरसुद्धा नाही. एवढ्या लहान लाटेला भिंत म्हणजे अडसर. ती आदळते आणि परत फिरते, मागे तिची सावली पडते. डाव्या पुडीचा ऐंशी कंपनांचा आवाज घेतला तर त्याची लाट सव्वाचार मीटरांहून लांब. ती दगडाला जुमानत नाही, कोपऱ्यावरून वळते. खालच्या आवाजाला मागचे आणि पुढचे फारसे नसते. ज्याला मागे ढकलले त्याचा हा एक स्वर पुढे पोचत होता, आणि तो कुठल्या बाजूने येतो आहे हे पुढच्या माणसाला नेमके सांगता आले नसते.

तात्यांना हे सांगितले तर ते हसले. म्हणाले, "धूम चांगली लागली असंल मग." पखवाजाच्या डाव्या पुडीला धूम म्हणतात.

सबवूफर आणि इतर ध्वनिवर्धक यांचे जुळवणे ही अगदी अलीकडची, श्रीमंत घरांतली अडचण आहे असे आपण समजतो. वस्तुतः ही अडचण आपल्या वादकांनी दोन हजार वर्षांपूर्वी ओळखली होती. भरताच्या 'नाट्यशास्त्रा'त चामड्याने मढवलेल्या वाद्यांचा एक अध्यायच आहे. त्यात स्वाती नावाच्या मुनीची गोष्ट येते. पावसाळ्याच्या दिवसात तो तळ्यावर पाणी आणायला जातो, कमळाच्या लहान, मध्यम आणि मोठ्या पानांवर सरी पडतात, आणि प्रत्येक पान निराळ्या आवाजात बोलते. त्यावरून त्याने पुष्कर वाद्ये घडवली: आंकिक, ऊर्ध्वक आणि आलिंग्य. एका वाद्याने सगळा पल्ला भागत नाही, हे ओळखून तोंडे वाटून घेतलेली दिसतात. आणि लगेच पुढचा प्रश्न: वाटून घेतलेली तोंडे एकत्र कशी बोलवायची? त्यासाठी भरत नदीकाठची काळी माती पुडीला लावायला सांगतो. ती न मिळाल्यास गव्हाचे किंवा जवाचे पीठ. पुडीवर वजन पडले की तिची कंपने मंदावतात आणि आवाज खाली उतरतो. कमी-जास्त लेप देऊन तो हवा तेथे आणून ठेवायचा.

ती पिठाची रीत आजही चालू आहे. आमच्याकडे एकादशीच्या भजनापूर्वी पखवाजवाला घरात शिरून आधी कणीक मागतो. पाण्यात मळलेली गव्हाची कणीक धुमेच्या मधोमध थापायची, अंगठ्याने दाबत कडा पातळ करायची, थाप मारून बघायची, चिमूटभर काढायची, पुन्हा थाप. उजव्या पुडीला शाई कायमची असते. तिचा सूर वादीखालचे लाकडी गट्टे सरकवून आणि गजऱ्यावर हातोडी मारून गायकाच्या षड्जाला मिळवतात. डावीचा सूर मात्र रोज नवा जुळवायचा, कारण कणीक सुकते आणि हवा बदलते. शाई टिकाऊ आणि कणीक नाशिवंत, असे का ठेवले असेल? मला वाटते, तळाचा आवाज जागेवर अवलंबून असतो हे त्यांना ठाऊक होते. पत्र्याच्या मंडपात जेवढी कणीक चालते तेवढी दगडी सभामंडपात चालत नाही. हे तात्यांचे वाक्य आहे, माझे नाही.

वाईजवळच्या बावधनचे नाना पानसे एकोणिसाव्या शतकात इंदूरच्या दरबारी पखवाजाचे घराणे उभे करून गेले. असे थोर वादक सोडले, तर गावोगावच्या साथीदारांची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत. आणि ज्या हातांनी बकऱ्याचे चामडे कमावून पुडी मढवली त्यांना तर देवळाच्या दाराशी उभे राहू दिले नाही. चामडे तेवढे गाभाऱ्यासमोर वाजत राहिले. हा इतिहास लिहिताना ही गोष्ट वगळून पुढे जाणे मला बरे वाटत नाही.

या वाद्यांचे गणित मांडले चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी. साध्या ढोलाची पुडी बेसूर असते. तिच्या मूळ कंपनाचे आणि वरच्या कंपनांचे प्रमाण पूर्णांकात बसत नाही, म्हणून ढोलाला ताल असतो, सूर नसतो. शाईने मढवलेली आपली पुडी मात्र सुरात बोलते, हे रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह 1920 साली 'नेचर'मध्ये दाखवले आणि 1934 साली विस्ताराने लिहिले. शाईच्या वजनाने पुडीची निरनिराळी कंपने एकमेकींशी सुरेल प्रमाणात येतात आणि पाच स्वर एका सुरावटीत बसतात. मधल्या काळात, 1930 मध्ये, रामन यांना नोबेल मिळाले ते प्रकाशाबद्दल. पखवाजवाल्यांना अजून कुणी काही दिलेले नाही.

आता यंत्राकडे वळू. ध्वनिवर्धकाचा आजचा नमुना 1925 सालचा. राइस आणि केलॉग या दोन अमेरिकन अभियंत्यांनी चुंबकाच्या क्षेत्रात तारेचे वेटोळे आणि त्याला जोडलेला कागदी शंकू अशी रचना प्रसिद्ध केली. आजही बहुतेक पेट्यांत हेच असते. पण एकाच शंकूने सगळा पल्ला काढायचा म्हटले की अडते. तळाच्या आवाजाला पुष्कळ हवा ढकलावी लागते, त्यासाठी शंकू मोठा हवा; वरच्या आवाजाला हलकेपणा आणि चपळता हवी, त्यासाठी लहान हवा. पैलवानाने सुईत दोरा ओवावा तशी एकट्या शंकूची गत होते. म्हणून कामाची वाटणी आली, आणि वाटणी आली की भांडण आले.

ते भांडण पहिल्यांदा चव्हाट्यावर आले बोलपटाच्या थिएटरात. आपला 'आलम आरा' 1931 चा आणि प्रभातचा 'अयोध्येचा राजा' 1932 चा. त्याच सुमारास अमेरिकेत मोठ्या थिएटरांसाठी दोन भागांचे कर्णे बसवू लागले. तळाच्या आवाजासाठी लांबलचक, वळणावळणाचा कर्णा आणि वरच्यासाठी आखूड. एमजीएम कंपनीत एलिनॉर पॉवेल या नर्तकीच्या नाचाचे चित्रण तपासताना एक विचित्र प्रकार ध्यानात आला. तिच्या बुटाचा एक ठोका दोनदा ऐकू येत होता. पाऊल एक आणि ठोके दोन! कारण असे निघाले की तळाचा आवाज लांब कर्ण्यातून कित्येक फूट जास्त चालून बाहेर पडत होता, आणि तेवढ्या वेळात वरचा आवाज श्रोत्यापर्यंत पोचलेला असे. एरवी गाण्यात, संवादात ही चूक लपून जात होती. नाचणारीच्या टाचेने ती पकडून दिली.

डग्लस शिअरर यांच्या ध्वनिविभागात जॉन हिलियर्ड प्रभृतींनी मग तळाचा कर्णा दुमडून आखूड केला आणि दोन्ही आवाजांची वाट जवळजवळ सारखी केली. या दोन भागांच्या कर्ण्यासाठी 1936 सालचे ऑस्करचे तांत्रिक पारितोषिक त्या विभागाला मिळाले. दोन ध्वनिवर्धक जुळवायचे तर त्यांचा आवाज नुसता सारख्या मापाचा असून भागत नाही, तो एकाच क्षणी पोचला पाहिजे, हा धडा तेव्हापासूनचा. आपल्या भजनात टाळकरी अर्धी मात्रा मागे पडला तर बुवा वळून बघतात. त्यांना हा धडा निराळा शिकावा लागला नाही.

पुढची चाळीस वर्षे मी भराभर ओलांडतो. त्यांत तंत्र पुष्कळ आहे आणि गोष्ट थोडी. 1974 साली 'अर्थक्वेक' नावाच्या चित्रपटासाठी सेन्सराउंड नावाची रचना आली. भूकंपाच्या दृश्यात प्रचंड पेट्या इतका खालचा आवाज काढीत की तो कानापेक्षा छातीला कळे. एका जुन्या थिएटरात छताचा गिलावा प्रेक्षकांवर पडू नये म्हणून जाळी लावावी लागली होती. येथे मला वाटते इतिहासाने एक वाईट वळण घेतले. शिअररच्या कर्ण्यात तळाचा आवाज हा गाण्याचा, बोलण्याचा पाया होता. आता तो स्वतंत्र पात्र झाला, टाळ्या घेऊ लागला. 1977 च्या 'स्टार वॉर्स'च्या सत्तर मिलिमीटरच्या प्रतींत तळाच्या आवाजासाठी वेगळी जागा राखली गेली. 1992 मध्ये 'बॅटमॅन रिटर्न्स'पासून डॉल्बीची अंकांत नोंदलेली ध्वनिपद्धत थिएटरात आली, आणि तिच्यातला पाच आणि एक दशांश हा आकडा काही वर्षांत तबकड्यांबरोबर घरांत शिरला. पाच पूर्ण पल्ल्याच्या वाटा. उरलेला दशांश म्हणजे तळाच्या आवाजाची वाट, पल्ल्याचा जेमतेम शंभरावा-दोनशेवा भाग असल्याने अपूर्णांकात मोजलेली. हा हिशेब टॉमलिन्सन होलमन यांचा. घरात ऐंशी कंपनांवर हद्द आखावी, त्याखालचे सगळे सबवूफरकडे द्यावे, अशी जी रूढी पडली तीही बव्हंशी त्यांच्या टीएचएक्सच्या कामातून आली. ऐंशीच का? कारण खोलीत त्याखालचा आवाज कोठून येतो हे कानाला ओळखता येत नाही. पुन्हा औंढ्याचेच देऊळ.

आता भाच्याच्या दिवाणखान्यात काय बिघडले होते ते सांगतो. पेट्या बसवून देणारा माणूस मोठ्या शहरातून आला होता. त्याच्याबद्दल राग नाही. त्याला त्याच दिवशी आणखी दोन घरे उरकायची होती. त्याने समोरचे दोन ध्वनिवर्धक पूर्ण पल्ल्याचे आहेत म्हणून यंत्राला तसे सांगून ठेवले, म्हणजे तळाचा आवाज त्यांच्याकडेही गेला. सबवूफरची वरची हद्द दीडशेच्या पुढे नेऊन ठेवली. परिणाम असा की चाळीसपासून दीडशेपर्यंतच्या मुलखात दोन-दोन मालक. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर शंभर-सव्वाशेच्या आसपास असतो. तो नेमका या भाऊबंदकीत सापडला. नायक बोलला की हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखे वाटे.

दुसरे असे की सोफा खोलीच्या अगदी मधोमध होता. प्रत्येक खोलीला तिचा एक स्वर असतो. औंढ्याच्या खालच्या, वाकून उतरायच्या लहानशा गाभाऱ्यात हळू आवाजात ओंकार म्हणून पाहा; एका विशिष्ट सुरावर अंग भरून येते, इतर सुरांवर नाही. भाच्याची खोली पाच मीटर लांब. तिच्यात चौतीस कंपनांची लाट दोन भिंतींच्या मधे बरोबर अर्धी बसते. भिंतींशी तो आवाज फुगतो आणि मध्यावर जवळजवळ मरतो. मध्यावर बसलेल्या भाच्याला तळ लागेना, म्हणून त्याने डब्याची खुंटी चढवली. त्याच्या कानाला ते जेमतेम पुरले. भिंतीशी बसणाऱ्या तात्यांच्या डोक्यात घण पडू लागले. शिवाय हलक्या आवाजात ऐकताना माणसाचा कान तळाचा स्वर सर्वांत आधी गमावतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 साली हे मोजून दाखवले. रात्री शेजाऱ्यांसाठी आवाज कमी करायचा आणि मग तळ गेला म्हणून तेवढीच खुंटी पुन्हा वर, असे चक्र घरोघर चालू असते.

आम्ही तीन दिवस त्या खोलीत घालवले. भाऊबीजेचा पाहुणा एवढा राहिलेला पाहून बहीण आधी आनंदली, मग कंटाळली.

प्रथम सोफा मागच्या भिंतीकडे, पण भिंतीला न टेकता सरकवला. नंतर डब्याची जागा. यासाठी एक युक्ती आहे आणि तिच्यामागे लॉर्ड रॅले यांचे तत्त्व आहे. 'थिअरी ऑफ साउंड' हा त्यांचा ग्रंथ 1877-78 चा. त्याची सुरुवात त्यांनी नाईल नदीवरच्या नावेत, आजारातून उठताना केली होती. तत्त्व असे: आवाज करणारा आणि ऐकणारा यांनी जागांची अदलाबदल केली तरी त्यांच्यामधली आवाजाची देवघेव बदलत नाही. म्हणून डबाच सोफ्यावर, माणसाच्या जागी ठेवायचा, आणि माणसाने भिंतीकडेने, जमिनीलगत कान नेऊन फिरायचे. जेथे तळाचा प्रत्येक स्वर सारखा ऐकू येईल ती डब्याची जागा. रांगायचे कुणी? तात्यांचे गुडघे गेलेले. भाच्याची मुलगी रांगली; तिच्यामागून एक बुटके स्टूल फिरत होते, त्यावर तात्या. नोंदलेला पखवाज लावला होता. कोपऱ्यात गेल्याबरोबर तात्या म्हणाले, "हितं कणीक लई झाली." लांबीच्या भिंतीवर, दारापासून साधारण तिसऱ्या हिश्श्याला ते थांबले, दोनदा मान हलवली आणि मांडीवर हाताने ठेका धरला. डबा तेथे ठेवला. तेथे ठेवल्याने दाराचा पडदा नीट ओढता येत नाही. बहिणीला तो कोपराच बरा वाटत होता.

मग हद्दीचे काम. समोरचे ध्वनिवर्धक पूर्ण पल्ल्याचे असले तरी यंत्राला ते लहान आहेत असे सांगितले. भाच्याला हे फार लागले. पैसे मोठ्याचे दिले होते. पण लहान म्हणवून घेतल्याने त्यांचे ओझे उतरले आणि संवाद मोकळे झाले. हद्द ऐंशीवर आणली. हद्दीवर दोघांचाही आवाज थोडा थोडा असतो. एकाने उतरत जायचे, दुसऱ्याने चढत यायचे आणि मिळून एकच भरायचे. या उताराचे चांगले गणित सीगफ्रीड लिंकविट्झ आणि रस रायली यांनी 1976 च्या सुमारास बसवले आणि पुष्कळ यंत्रांत आज तेच वापरतात. पण गणित बरोबर असूनही दोन आवाज एकमेकांना खाऊ शकतात. ऐंशी कंपनांची अर्धी लाट सव्वासहा सहस्रांश सेकंदांत संपते. डब्याचा आवाज तेवढा उशिरा आला की एक हवा ढकलतो त्याच वेळी दुसरा ओढतो, आणि नेमक्या हद्दीवर खड्डा पडतो. डब्याच्या पाठीवर उलट-सुलट करण्याची एक कळ असते. ऐंशीचा सलग सूर लावून ती दोन्हीकडे करून पाहिली. ज्या बाजूला सोफ्यावर सूर भरला ती ठेवली. अंतराच्या आकड्यात टेपने मोजलेल्याहून मीटरभर जास्त घातले तेव्हा तो आणखी भरला, कारण डब्याच्या आतले यंत्रही थोडा वेळ खाते. पॉवेलबाईंच्या बुटाची गोष्ट मी तेव्हा सांगितली. भाचा म्हणाला, "मामा, हे आधी सांगायचे." मलाही ते आदल्या रात्रीच समजले होते.

राहिली खुंटी. भाचा चढवी, तात्या हाताने खाली दाखवीत. "कमी. अजून कमी." शेवटी भाचा वैतागून म्हणाला, "आबा, आता तो वाजतोय हेच कळत नाही." तात्या म्हणाले, "आता बंद कर." त्याने डब्याचा खटका बंद केला. खोलीतली जमीन कुणी काढून घेतल्यासारखे झाले. गाणारा तोच, शब्द तेच. पण तो हवेत लोंबकळत होता. पुन्हा चालू केला. डबा ऐकू येत नव्हता, गाणारा मात्र पाय रोवून उभा होता. तात्या एवढेच म्हणाले, "ऱ्हाऊ दे आता."

त्यांनी हा हट्ट का धरला ते मला माघात कळले. त्यांच्या गावी हरिनाम सप्ताह होता आणि तात्या तीन वर्षांनी पखवाज घेऊन निघाले होते. तीन वर्षांपूर्वीच्या सप्ताहात मंडपवाल्याने लग्नाच्या वरातीच्या दोन मोठ्या पेट्या आणून लावल्या होत्या. तात्यांच्या धुमेपाशी ध्वनिग्राहक ठेवला आणि तिचा असा गडगडाट केला की चौथ्या ओवीपासून बुवांचा शब्द ऐकू येईना. कुणीतरी खुशीने ओरडले, "आबा, आज डीजे झालात!" ज्या माणसाने साठ वर्षे नामदेवांच्या शब्दाखाली आपला हात ठेवला, त्याचा हात शब्दाच्या डोक्यावर बसला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी पखवाज गवसणीत घालून खुंटीला टांगला. घरात कुणालाच कारण सांगितले नव्हते. गुडघे दुखतात म्हणाले.

या वेळी भाचा बरोबर होता. मंडपात पेट्या त्याच, मंडपवाला तोच. भाच्याने त्याला बाजूला घेऊन बराच वेळ काही सांगितले. तो आधी हसला, मग ऐकू लागला. पेट्या बुवांच्या रांगेत आणल्या, धुमेचा ध्वनिग्राहक दूर नेला, खुंट्या उतरवल्या. तात्यांनी कणीक मागितली. थापली, दाबली, थाप मारून ऐकले, चिमूटभर काढली. मग मंडपाच्या अगदी शेवटच्या खांबाशी, बायकांच्या मागे, त्यांनी पणतीला उभे केले आणि शब्द कळत नसला तर हात वर करायला सांगितले.

कीर्तन दोन तास चालले. मी मधून मधून मागे वळून बघत होतो. सुरुवातीला एकदा तिचा हात वर गेला. तात्यांनी वाजवता वाजवताच अंगठ्याने आणखी थोडी कणीक खरवडली. त्यानंतर ती खांबाला टेकून झोपून गेली. आरती झाल्यावर तात्यांनी धूम पुसून काढली, कणकेचा गोळा केला आणि बाहेर बांधलेल्या गाईपुढे धरला.